खलनायकाच्या बाजूने जुनी गोष्ट लिहिताना राणी बिचारी का होऊन बसते

प्रश्न थोडक्यात असा आलाय की हिमगौरीची गोष्ट राणीच्या बाजूने लिहायला घेतलीये, तीन प्रकरणं झालीत, पहिल्या दोनात राणीचं हलाखीचं बालपण, आईचा जाच, मनाविरुद्ध झालेलं लग्न, तिसऱ्यात आरसा येतो, आणि ज्यांनी ज्यांनी वाचलं ते सगळे म्हणतायत की राणीची दया येते पण पुढे वाचावंसं वाटत नाही. शिवाय विचारलंय की 'मी' वापरून लिहू की तृतीय पुरुषात, आणि असंच एखाद्या गाजलेल्या फँटसीवर लिहिलं तर कॉपीराइटची भानगड होते का. मी बरीच वर्षं हेच करतोय, स्वतः लिहितो आणि इतरांचं एडिटही करतो, आणि खलनायकाच्या बाजूच्या गोष्टी माझ्याकडे इतक्या येतात की हा प्रॉब्लेम मला तोंडपाठ झालाय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही राणीचं वकीलपत्र घेतलंय. पहिल्या पानापासून बचाव सुरू, आणि वाचकाने तर अजून आरोपसुद्धा ठेवलेला नाहीये. दोन प्रकरणं नुसतं 'तिच्यावर किती अन्याय झाला बघा' वाचल्यावर माणूस साहजिकच म्हणतो की बरं बाबा, कळलं, पुढे काय. बरं, त्यात गंमत अशी की वाचकाला राणीकडे खेचून आणलं होतं ते तिच्या दुष्टपणानेच. लहानपणी आपण हिमगौरीसाठी जीव टाकत नव्हतो, आपल्याला आरशासमोर उभी राहिलेली ती बाई आठवते. आणि तुम्ही तिच्यातलं नेमकं तेच काढून टाकलंत.

माझा नियम एकच आहे आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही. मूळ गोष्टीत खलनायकाने जे जे केलंय ते सगळं जसंच्या तसं ठेवायचं, एकही कृत्य गाळायचं नाही, 'तो गैरसमज होता', 'खरं तर हे दुसऱ्याच कुणी केलं होतं' असल्या पळवाटा काढायच्या नाहीत. ती कृत्यं तिच्या हिशोबात कुठे बसतात तेवढं आपण लिहायचं. घटना हललीच तर मग ती नवीन गोष्ट झाली, खुशाल लिहा, पण जुनं नाव वापरू नका.

आता हिमगौरीची गोष्ट ज्यांच्या संग्रहातून आली त्या जर्मन ग्रिम बंधूंची गोष्ट एकदा नीट उघडून बघा, लहान मुलांच्या रंगीत पुस्तकातली नको. त्यात राणी शिकाऱ्याला सांगते की पोरीला जंगलात ने, मार, आणि पुरावा म्हणून तिची फुप्फुसं आणि काळीज आण. शिकाऱ्याला दया येते, तो रानडुकराचं पिल्लू मारतो आणि त्याची आणतो. आणि मग आचारी ती मिठात शिजवतो आणि राणी ती खाते. हो, खाते. ही ओळ बहुतेक आवृत्त्यांमधून गुपचूप काढलेली असते, आणि राणीच्या बाजूने लिहिणारे तर नव्वद टक्के लोक ती टाळतात, कारण इथे बचाव चालत नाही. सात वर्षांच्या पोरीचं काळीज आहे असं समजून खाल्लंय तिने. (हिमगौरी सात वर्षांची असते तेव्हाच आरसा उत्तर बदलतो, हेही लोक विसरतात, सिनेमांमुळे ती आपल्या डोळ्यापुढे तरणीताठी मुलगी म्हणूनच येते.)

हा सीन दोन प्रकारे येतो माझ्याकडे. एक म्हणजे राणी रडत रडत घास घेते, मनात म्हणते की राज्यासाठी हे करावंच लागेल वगैरे. हे खोटं वाटतं कारण रडणारा माणूस काळीज शिजवायला सांगत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सैतानी हास्य, त्यावर काही बोलायलाच नको. मी लिहिलं तर साधारण असं लिहीन:

"मीठ जास्त झालं होतं. आचाऱ्याला तसं म्हटलं तर तो घाबरला, मी म्हटलं राहू दे, पुढच्या वेळी लक्ष ठेव. सगळं संपवलं, पानात टाकायची सवय नाही मला. मग हात धुतले आणि दासीला सांगितलं की पोरीच्या खोलीच्या खिडक्या लावून घे, पाऊस येईलसं दिसतंय, गाद्या भिजतील."

बघा यात बचाव कुठेच नाहीये, बालपण नाहीये, अश्रू नाहीत. पण खिडक्या लावायला सांगणारी बाई कोण आहे हे वाचकाला आता जाणून घ्यायचंय. आणि 'पुढच्या वेळी' हे शब्द मुद्दाम टाकलेत. शिवाय वाचकाला माहितीये की ते डुकराचं होतं आणि तिला माहीत नाहीये, म्हणजे ती जिंकली म्हणून हात धुते तेव्हा ती आधीच हरलेली आहे. पुनर्कथनाचा हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, गोष्ट वाचकाला पाठ असते. नव्या कथेत हा ताण तयार करायला शंभर पानं लागतात, इथे तो तुम्हाला फुकट मिळतो. तुम्ही बालपण आधी सांगून तो वाया घालवताय.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ कथेत जिथे भोकं आहेत तिथे हात घाला, जिथे भरीव आहे तिथे नको. राजाचंच घ्या ना. तो दुसरं लग्न करतो आणि त्यानंतर गोष्टीतून चक्क गायब. मुलगी नाहीशी झाली तरी त्याचा एक शब्द नाही. तो मेला? लढाईवर गेला? का घरातच आहे आणि गप्प बसलाय? घरात असून गप्प असेल तर ती राणी वेगळी होते आणि मेला असेल तर वेगळी, कारण मग सिंहासनावर हक्क कुणाचा हा प्रश्न येतो आणि रूपाची स्पर्धा नुसती रूपाची राहत नाही. हे तुम्ही ठरवायचं, कथा तुम्हाला अडवत नाही.

आणि शेवट. शेवटाबद्दल मी थोडा वेळ घेणार आहे कारण बहुतेक जण तिथे पोचतच नाहीत. हिमगौरीच्या लग्नाचं आमंत्रण राणीला येतं. नटूनथटून ती आरशाला विचारते, आरसा सांगतो की तुझ्यापेक्षा ती नवी राणी हजार पटीने सुंदर आहे. राणी शिव्याशाप देते, घाबरते, आधी म्हणते जायचंच नाही, पण मग तिला चैन पडत नाही, जाऊन बघावंच लागतं. जाते, हिमगौरीला ओळखते, भीतीने जागेवर खिळते. तोवर निखाऱ्यावर लोखंडी जोडे तापायला ठेवलेलेच असतात. ते लालभडक जोडे चिमट्याने आणून तिच्यापुढे ठेवतात, ते घालून तिला मरेपर्यंत नाचावं लागतं. भर लग्नात.

आता सांगा, ती का गेली? अख्ख्या गोष्टीत तिने एवढी हुशारी दाखवलीये, वेषांतर करून सात डोंगर ओलांडून तीनदा गेलीये, एकदा पोरीच्या चोळीची नाडी जीव जाईपर्यंत आवळायला, एकदा विषारी कंगवा घेऊन, एकदा सफरचंद घेऊन, आणि सफरचंद तर असं की अर्ध्याच भागात विष, बिनविषारी पांढरा भाग स्वतः खाऊन दाखवते. अशी बाई धोका कळत असून त्या लग्नाला का जाते? ग्रिम म्हणतात चैन पडत नव्हतं. बस, एवढंच. तुमच्या अख्ख्या कादंबरीने ह्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला पाहिजे. उत्तर सापडलं की मागचं सगळं आपोआप लागत जातं, बालपणातलं नेमकं काय लागणार आहे आणि काय फेकायचंय तेही कळतं. मी स्वतः कुठलंही पुनर्कथन शेवटाकडून सुरू करतो, खलनायक जिथे हरतो तिथे तो स्वतःच्या पायाने का गेला, पळून का नाही गेला, हे कागदावर एका वाक्यात येत नाही तोपर्यंत पहिलं प्रकरण उघडत नाही.

यात अजून एक माल आहे जो फार कमी लोकांना ठाऊक असतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही राणी सावत्र आई नाहीये. सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी सख्ख्या आईला मारून टाकलं आणि सावत्र आणली. म्हणजे पहिल्या आवृत्तीत जी बाई खिडकीत बसून शिवताना बोटाला सुई टोचल्यावर बर्फावर पडलेलं रक्त बघून म्हणते की मला बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल आणि शिसवीसारखी काळी मुलगी व्हावी, तीच बाई सात वर्षांनी तिला मारायला माणूस धाडते. हे रूप तिने स्वतः मागून घेतलेलं आहे! यापेक्षा जास्त बालपण तुम्हाला कशाला हवंय? मला विचाराल तर हीच आवृत्ती घ्या, सावत्रपणाची आयती सबब निघून जाते आणि राणी एकदम अंगावर येते.

आता हिमगौरीकडे वळू. तुमच्या मसुद्यात ती आगाऊ, लाडावलेली, नोकरांना छळणारी दाखवलीये असं तुम्हीच लिहिलंय. हे काढा. राणी चांगली ठरावी म्हणून पोरगी वाईट करणं म्हणजे नुसत्या खुर्च्या बदलल्या, खेळ तोच राहिला. पोरगी निरागसच असू दे, खरोखर. निरागस माणूस एखाद्याला किती असह्य होऊ शकतो हे लिहिण्यात मजा आहे, आणि ते अवघडही आहे. बुटके रोज बजावून जातात की दार उघडू नकोस, आणि ती तीनदा फसते, राणीच्या नजरेतून बघा, इतकी भोळी पोर आणि हिच्यापुढे मी हरतेय! त्यात तिरस्कार पण आहे आणि हेवा पण, आणि कुठेतरी 'अगं उघडू नको ना' असंही असू शकतं, पण ते तिच्या तोंडून वदवू नका.

हे जमलेलं उदाहरण बघायचं असेल तर आपल्याकडे भासाचं ऊरुभंग हे जुनं संस्कृत नाटक आहे. दुर्योधन मांड्या मोडून पडलाय, त्याचा लहानगा मुलगा येतो आणि सवयीने मांडीवर बसायला बघतो, आणि बापाला त्याला अडवावं लागतं. भासाने द्यूत पुसलं नाही, द्रौपदीचा अपमान पुसला नाही, भीमाला राक्षस केलं नाही, फक्त ज्या मांड्यांवरून एवढं रामायण, म्हणजे महाभारत, झालं त्या मांड्यांवर एक लेकरू बसायला आणलं. संपलं. बचावाचं एक भाषण यापुढे टिकत नाही.

मूळ संहितेतच माल असतो हे मी वारंवार सांगतो ते याचसाठी. ओझ या जादूच्या देशाची गोष्ट घ्या, अमेरिकन लेखक बॉमचं मुलांचं पुस्तक, १९०० चं. पश्चिमेची दुष्ट चेटकीण म्हटलं की आपल्याला हिरवी बाई आणि झाडू आठवतो, पण पुस्तकात ती एकाक्ष आहे, तो एकच डोळा दुर्बिणीसारखा तेज, हातात छत्री, आणि तिला अंधाराची भीती वाटते. खरंच लिहिलंय तसं. डोरोथी ही गोष्टीची छोटी नायिका चेटकिणीच्याच वाड्यात झोपलेली असते, तिचे जादूचे बूट चेटकिणीला हवे असतात, डोरोथी बूट फक्त रात्री झोपताना आणि अंघोळीच्या वेळी काढते, आणि चेटकीण अंधाराला घाबरते म्हणून रात्री त्या खोलीत जात नाही, अंघोळीच्या वेळी जावं तर पाण्याला त्याहून जास्त घाबरते. वाड्याची मालकीण, लांडगे आणि उडती माकडं हुकमावर पळवणारी, आणि दाराबाहेर अंधारात उभी, आत जायची हिंमत नाही. एक अख्खं प्रकरण आहे हे, बॉमने दोन वाक्यात उरकलंय. आणि ओझवर राज्य करणाऱ्या विझार्डने या लहान मुलीला सांगितलंय की चेटकिणीला मारून ये मग तुला घरी पाठवतो, म्हणजे चेटकिणीच्या बाजूने बघितलं तर दारात मारेकरी आलाय आणि तो परकर घातलेली पोरगी आहे. पण हेही विसरू नका की चेटकिणीने तिथल्या विंकी नावाच्या लोकांना गुलाम करून ठेवलंय, आणि ते तुमच्या आवृत्तीतही गुलामच राहिले पाहिजेत.

बेवूल्फ हे जुनं इंग्लिश काव्य, तीन हजारांवर ओळी, त्यात ग्रेंडेल नावाचा राक्षस बारा वर्षं राजा ह्रोथगारच्या दरबारावर रात्री येऊन माणसं मारतो, आणि काव्य सुरुवातीलाच सांगतं की त्या दालनातली वीणा आणि हसण्याचे आवाज त्याला रोज ऐकू यायचे आणि सहन व्हायचे नाहीत. वीर येतो आणि एका रात्रीत त्याचा हात उपटतो. वीराची गोष्ट एका रात्रीची, ग्रेंडेलची बारा वर्षांची. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण नवीन लेखक खलनायकाच्या गोष्टीतसुद्धा नायकाला पहिल्या पानावर आणतात. खलनायकाच्या आयुष्यात नायक फार उशिरा येतो, कधीकधी त्याचं नावही माहीत नसतं. ग्रेंडेलची आई तर अजून भारी, मुलगा मेल्यावर ती येते आणि एकच माणूस नेते, राजाचा लाडका सल्लागार. त्या काळच्या सूडाच्या रिवाजात हा हिशोब बसतो, एकाला एक, आणि तरी ती राक्षसीण.

'मी' की 'ती' यावर माझं मत असं की पहिल्यांदा लिहिणाऱ्याने तृतीय पुरुष घ्यावा पण राणीच्या खांद्याला चिकटून, तिला जे दिसत नाही ते लिहायचं नाही. 'मी' वापरलं की माणूस सफाई द्यायला लागतो, आपोआप होतं ते, कारण 'मी' कुणाशी तरी बोलत असतो. वर मी जो तुकडा लिहिला तो 'मी'तच आहे हे मान्य, पण तिथे ती कुणालाच काही पटवत नाहीये म्हणून चाललं. 'मी'च हवं असेल तर आधी ठरवा ती हे कुणाला सांगतेय आणि कधी. मेल्यावर? जोडे तापत असताना? आरशाला? आरशाला सांगत असेल तर तिला खोटं बोलता येणार नाही, कारण आरसा खोटं बोलत नाही हे कथेत ठरलेलं आहे, आणि मग बिचारेपणा आपसूक गळून पडेल. मला हा पर्याय आवडतो.

माहितीची मर्यादा पण सांभाळा. बुटक्यांच्या घरातलं राणीला काय कळणार, तर फक्त आरसा सांगेल तेवढं आणि तीन भेटींत उंबऱ्यावरून दिसेल तेवढं. काचेची पेटी तिने कधीच बघितलेली नाहीये. पोरगी उठली कशी हेही तिला माहीत नाही. तिच्या दृष्टीने एक मेलेली मुलगी एक दिवस आरशातून परत येते. म्हणजे तुमच्या कादंबरीचा तो भाग भुताच्या गोष्टीसारखा झाला पाहिजे.

राहिलं कॉपीराइट. ग्रिम, बेवूल्फ यांच्यावर कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही ज्या भाषांतरावरून काम करताय त्यावर असू शकतो, म्हणून गोष्ट घ्या, वाक्यं उचलू नका. सिनेमातल्या वस्तूंना हात लावू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बुटक्यांना ग्रिमच्या गोष्टीत नावंच नाहीत, आपल्याला माहीत असलेली नावं १९३७ च्या सिनेमातली आहेत. ओझच्या पुस्तकात जादूचे बूट चांदीचे आहेत, लाल माणकांचे बूट १९३९ च्या सिनेमाने आणले, दोन चेटकिणी बहिणी असणं हेही पुस्तकात नाही, ते तिथूनच आलंय. लिहायच्या आधी मूळ पुस्तक वाचा हा सल्ला म्हणूनच, त्यात कलेपेक्षा कायद्याचा भाग जास्त आहे. अलीकडच्या लेखकांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, बऱ्याच देशांत सत्तर. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टोल्किन १९७३ ला गेले, म्हणजे इथे २०३३ संपेपर्यंत थांबा आणि युरोपात त्याहून दहा वर्षं जास्त. तोपर्यंत हौस म्हणून लिहून मित्रांना वाचायला देणं वेगळं आणि पुस्तक छापून विकणं वेगळं, विकायचं असेल तर वकिलाला दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका.

तर तुमच्या तीन प्रकरणांचं असं करा. पहिली दोन बाजूला ठेवा, डिलीट नका करू, त्यातली चारपाच वाक्यं पुढे कुठेतरी लागतील, एकेक करून, राणीच्या नकळत निसटल्यासारखी. तिसरं प्रकरण पहिलं करा, आणि त्यातही आरशाच्या बदललेल्या उत्तरापासून सुरुवात करा, त्याआधीची वर्षं तिला रोज तेच उत्तर मिळत होतं त्यामुळे तिथे गोष्टच नाहीये. मग काळजाचा सीन लिहा, न टाळता. त्यानंतर मधलं सगळं सोडून थेट लग्नाचं आमंत्रण येतं ते प्रकरण लिहा. ती का गेली याचं उत्तर तुम्हाला स्वतःला पटलं की ती दोन प्रकरणं पाठवा, मधल्या तीन फेऱ्यांचं मग बघू.